रुपयात किती आणे?

आमची आत्या अहमदपूरकडच्या खेड्यातली. वय सत्तरीच्या पुढं, नक्की कुणालाच ठाऊक नाही. तिचा जन्म "रझाकारीच्या टायमाला" झाला, एवढीच नोंद. गुडघ्यांनी पार बेजार केल्यावर मी तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. बाह्यरुग्ण विभागात तिच्यासमोर डॉक्टर बसायच्या आधी एक तरुण पोरगा बसला. तो एमडीचा विद्यार्थी, प्रबंधासाठी रुग्ण गोळा करत होता. हातात क्लिपबोर्ड, त्यावर झेरॉक्स करकरून फिकट झालेला तक्ता. त्यानं एक आडवी रेघ दाखवली. डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला शंभर.

"आजी, शंभर म्हणजे एकदम चांगली तब्येत. शून्य म्हणजे एकदम खराब. तुमची आज कुठं आहे? बोट ठेवा."

आत्यानं रेघेकडं बघितलं, पोराकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. बोट काही ठेवलं नाही.

"रुपयात सहा आणे हाय बग लेकरा," ती म्हणाली.

पोरगा चांगला होता. हसला नाही. मोबाइल काढला, सहा भागिले सोळा गुणिले शंभर केलं आणि रकान्यात लिहिलं : ३७.५.

तो आकडा माझ्या डोक्यातून गेला नाही. जगभरच्या विद्यापीठांनी सत्तर-ऐंशी वर्षं खपून रुग्णाला स्वतःच्या जगण्याचं माप सांगता यावं म्हणून पट्ट्या तयार केल्या. आत्याकडं एक पट्टी आधीपासूनच होती. ती कुठून आली, आणि पोराच्या हातातली कुठून आली, याचा हा मागोवा.

आण्यांची पट्टी आली बाजारातून. सोळा आण्यांचा रुपया १ एप्रिल १९५७ ला कायद्यानं शंभर नव्या पैशांचा झाला, पण बोलण्यातून आणे गेले नाहीत. सोळा आणे खरं, बारा आणे काम झालं, चार आणे फरक पडला. आमच्या मागच्या पिढीनं शाळेत पावकी-निमकी घोकलेली. त्यांना दशमान पद्धतीपेक्षा निम्म्याचं निम्मं करणं सोपं जायचं : रुपया, आठ आणे, चार आणे, दोन आणे. माणसाला स्वतःच्या दुखण्याबद्दल एवढंच बारीक सांगता येतं, त्याहून बारीक नाही. लातूर-नांदेडच्या कुठल्याही दवाखान्यात तासभर बसा, साठीपुढचा एक तरी माणूस आण्यांत बोलेल. तरुण टक्क्यांत बोलतात, पण बोलणं तेच.

मराठवाड्यात या हिशेबाला आणखी एक पदर होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. इथला रुपया वेगळा, हाली शिक्का. त्यालाही आणे सोळाच, पण इंग्रजी हद्दीतल्या रुपयाशी तो बरोबरीचा नव्हता. साधारण सात हाली रुपये द्यावेत तेव्हा सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, मिळायचे. म्हणजे सोलापूरच्या बाजारातला आणा आणि लातूरच्या बाजारातला आणा, नाव एक, वजन दोन. व्यापाऱ्याला हे पाठ असायचं. रुग्णांचे आकडे एकमेकांशेजारी मांडणाऱ्या संशोधकांना ते फार उशिरा सुचलं. त्याकडं पुढं येतोच.

आणि आणेवारी. पूर्ण पिकलं तर सोळा आणे, निम्मं पिकलं तर आठ. महसूल खात्याची ही जुनी रीत पुढं पैसेवारी झाली. मराठवाड्यात दर खरिपाला माणसं तिची वाट पाहतात, कारण पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती मिळतात : महसुलात सूट, वीजबिलात सवलत, पोरांच्या परीक्षेची फी माफ. पैसेवारी एकदाच लावत नाहीत. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. एकाच शेताला हंगामात तीनदा विचारायचं, तुझं कसं चाललंय. अंतिम आकडा पन्नासच्या जरासा वर निघाला की गावोगाव बोंब उठते, आणि ती उगीच नसते. ज्या आकड्यावर काही मिळणार असतं तो आकडा साधा राहत नाही. दिव्यांग प्रमाणपत्राच्या चाळीस टक्क्यांचंही तसंच. दवाखान्यात "काही फरक नाही बघा" म्हणणारा माणूस कधीकधी गोळी बदलून मागत असतो, आणि "लई बरं हाय" म्हणणारी बाई घरी जायची परवानगी.

आता एका शब्दापाशी जरा थांबतो. औषध लागू पडलं की मराठीत म्हणतात गुण आला. डॉक्टरच्या हाताला गुण असतो. आणि परीक्षेत मिळतात तेही गुणच. 'लातूर पॅटर्न'च्या गावात हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढं आधी नीटचा निकाल येतो. सरकारी कागदांत 'जीवनाची गुणवत्ता' असं छापलेलं असतं ते वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी निरागसपणे विचारलं होतं, "यादी कधी लागणार?" थट्टा सोडा, पण भाषेनं इथं काहीतरी नेमकं पकडलंय. आलेला गुण आणि मिळालेले गुण यांत फरक एवढाच की पहिला रोग्यानं सांगायचा असतो आणि दुसरा परीक्षकानं द्यायचा असतो. या सगळ्या इतिहासात भांडण चाललं ते त्यावरच : गुण द्यायचे कुणी?

आयुर्वेदात वैद्यानं रोगी तपासायचा तो तीन प्रकारे : दर्शन, स्पर्शन, प्रश्न. विचारणं हा तपासणीचाच भाग, शिष्टाचार नव्हे. निदानाच्या पाच अंगांत उपशय हे एक अंग. रोग ओळखू येईना तर काहीतरी देऊन बघायचं आणि रोग्याला आराम वाटतो की त्रास वाढतो ते विचारायचं. तेल चोळल्यावर सांधा मोकळा वाटला तर एक निदान, ठणका वाढला तर आमवाताचा संशय. म्हणजे रोग्याला काय वाटतं हाच पुरावा. मात्र हा पुरावा त्या माणसापुरता आणि त्या दिवसापुरता. दहा रोग्यांचं वाटणं एकाखाली एक लिहून बेरीज करावी, ही कल्पना त्यात नाही.

बेरीज आली रुग्णालयांच्या वह्यांतून. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८६० मध्ये लंडनच्या सांख्यिकी परिषदेपुढं सगळ्या रुग्णालयांसाठी एकसारखे तक्ते मांडले. आपल्याकडच्या इंग्रजी अमलातल्या दवाखान्यांचे वार्षिक तक्तेही त्याच वळणाचे : बरे झाले, आराम पडला, इतर कारणांनी गेले, मेले. 'आराम पडला' हा रकाना वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो, आराम पडला हे ठरवलं कुणी? उत्तर उघड आहे. वही डॉक्टरची, लेखणी डॉक्टरची. आणि दवाखान्याच्या दाराबाहेर माणूस गेला की वही मिटली. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हट्ट धरला की शस्त्रक्रियेनंतर वर्षभरानं प्रत्येक रोगी गाठून बघा, काय झालं त्याचं. सहकाऱ्यांना ते मुळीच आवडलं नाही.

मग डेव्हिड कार्नोफ्स्की. दुसरं महायुद्ध संपलेलं, विषारी वायूंच्या संशोधनातून नायट्रोजन मस्टर्ड हे कर्करोगावरचं औषध निघालेलं. गाठ लहान होत होती, पण माणूस? १९४८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कार्नोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी शंभर ते शून्य अशी दहा-दहाच्या पायऱ्यांची पट्टी केली. शंभर म्हणजे काही तक्रार नाही. पन्नास म्हणजे बरीच मदत आणि वारंवार उपचार लागतात. शून्य म्हणजे गेला. ही पट्टी आजही जगभर चालते. तिची गोम अशी की आकडा डॉक्टर देतो, रोग्याला कुणी विचारत नाही.

न विचारल्यानं काय होतं ते १९८२ मध्ये जाचुक आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये दाखवलं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे ७५ रुग्ण. डॉक्टरांना विचारलं तर सगळेच्या सगळे सुधारले होते. बरोबरच, दाब उतरला होता. रुग्णांना विचारलं तर सुधारलो म्हणणारे निम्म्याहूनही कमी. आणि घरच्यांना विचारलं तर जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, माणूस बिघडला. चिडचिडा झाला, गळून गेला, पहिल्यासारखा राहिला नाही. एकाच माणसाचे तीन आकडे, आणि तिघंही खरं बोलत होते. आपल्याकडं तर रोग्याच्या आधी सोबतचा माणूसच उत्तर देतो. आत्याच्या वेळी मीही तोंड उघडलंच होतं, पोरानं हात वर करून मला गप्प केलं. पुढं १९८८ मध्ये लंडनच्या स्लेव्हिन यांनी कर्करोगाच्या रुग्णांवर हेच तपासलं आणि निष्कर्ष काढला की डॉक्टरांना रुग्णाचं जगणं अचूक मोजता येत नाही. ते रुग्णालाच विचारा.

विचारायचं ठरलं. पण काय विचारायचं? इथून प्रश्नावल्यांचं युग सुरू होतं, आणि आमच्यासारख्यांची करमणूकही. १९८० मध्ये स्टॅनफर्डला संधिवातासाठी तयार झालेली प्रश्नावली विचारते : मोटारीचं दार उघडता येतं का? टबात बसून अंघोळ करता येते का? १९९२ च्या सुमाराची छत्तीस प्रश्नांची एसएफ-३६ ही सगळ्यांत गाजलेली. तिच्यात 'मध्यम श्रमाची कामं' म्हणून टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं आणि गोल्फ खेळणं अशी उदाहरणं आहेत. गुडघ्यांची वोमॅक ही १९८८ ची, ती पायमोजे चढवता येतात का ते विचारते. आत्यानं उभ्या जन्मात पायमोजे घातले नाहीत. या प्रश्नाला ती "नाही" म्हणाली असती, आणि एका अनवाणी जन्माची नोंद गुडघ्याच्या दुखण्यात झाली असती.

ही अडचण महाराष्ट्रात ज्यांनी मनावर घेतली त्यांत पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा. त्यांच्या संधिवात केंद्रानं १९९६ मध्ये पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमातली ती पाहणी. माणसाच्या आकृतीचं चित्र पुढं ठेवायचं आणि विचारायचं, कुठं दुखतं ते दाखवा. बायाबापड्यांनी भराभरा दाखवलं. याच केंद्रानं परदेशी प्रश्नावल्यांच्या आपल्या मातीतल्या आवृत्त्या केल्या. वोमॅकची 'पुणे आवृत्ती' तर शोधनिबंधांत त्या नावानंच ओळखली जाते. बाथटब, मोटार गेली. आलं काय? उकिडवं बसता येतं का. मांडी घालून बसता येतं का. देशी संडासात बसून उठता येतं का.

हा तिसरा प्रश्न ऐकायला साधा आहे, पण मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बाईच्या जगण्याची गुणवत्ता बहुतेक त्यातच आहे. आत्यानं दोन वर्षं संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलं होतं, रात्री उठावं लागू नये म्हणून. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या पोरानं संडासाचं विचारलं तेव्हा ते निघालं. शून्य ते शंभरच्या रेघेवर ते कधीच निघालं नसतं.

या प्रश्नावल्या लातूर-नांदेडपर्यंत पोचल्या त्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या वाटेनं. लातूरला १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केलं. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं, १९८८ मध्ये नांदेडला, पुढं लातूरला आधी खासगी आणि २००२ मध्ये सरकारी. महाविद्यालय आलं की प्रबंध आला, आणि प्रबंध आला की क्लिपबोर्ड. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९१ पासून पंधरा केंद्रांत एक प्रश्नावली घडवली होती, त्यांत आपल्याकडची दिल्ली आणि मद्रास ही दोन. तिची सव्वीस प्रश्नांची छोटी आवृत्ती फुकट मिळते, पंधरा-वीस मिनिटांत भरून होते आणि मार्गदर्शकाला चालते. पन्नाशीतला मधुमेही असो की डायलिसिसवरचा तरुण, 'गेल्या दोन आठवड्यांत' हे शब्द त्यानं ऐकलेले असतात.

कर्करोगाची गोष्ट जरा वेगळी, तिथं मुंबईच्या टाटा रुग्णालयानं आधीच बरंच काम करून ठेवलं होतं. युरोपातल्या कर्करोग संशोधन संघटनेची तीस प्रश्नांची प्रश्नावली १९९३ ची. तिच्यात बहुतेक उत्तरं चारच : अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. टाटाच्या डॉक्टरांनी ती हिंदी-मराठीत उतरवली. आपल्या रुग्णांकडून भरून घेतली तर ती खरंच मोजायचं तेच मोजते का, हे तपासून २००५ मध्ये निष्कर्ष छापले. एक अभ्यास स्तनाच्या कर्करोगाचा, एक डोकं-मान-तोंडाचा. दुसरा आपल्या अगदी दारातला. तंबाखू आणि गुटखा इथं काय करतो ते सांगायला नको. २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि नांदेडच्या बसस्टँडवरच्या भिंती अजून लालच आहेत. तोंडाच्या कर्करोगाच्या पुरवणीत प्रश्न आहेत : तोंड उघडायला त्रास होतो का, घास गिळताना होतो का, घरच्यांसमोर बसून जेवताना अडचण वाटते का. हा शेवटचा प्रश्न ज्यानं घातला त्याला माझा नमस्कार. शस्त्रक्रियेनंतर कितीतरी पुरुष ताट घेऊन आतल्या खोलीत जातात. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, भिंतीकडं तोंड करून खातात.

त्याच काळात शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयानं आणि टाटानं मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जगभर गाजलेली चाचणी केली. एक लाख तीस हजारांवर बायका, निकाल २००९ चा : एचपीव्ही विषाणूच्या एका तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मोठंच काम. पण त्यात मोजला गेला तो मृत्यू, आणि तो मोजायला सोपा असतो. त्यात कमीजास्त काही नसतं, दोन माणसांत मतभेद होत नाहीत.

भाषांतराचं एक कोडं मात्र कुणालाच सुटलेलं दिसत नाही. इंग्रजी प्रश्नावलीत मनाबद्दल जे शब्द आहेत त्यांना मराठीत ताण, चिंता, उदास असे प्रतिशब्द ठेवतात. पुस्तकात ते बरोबर आहेत. पण आमच्याकडची माणसं म्हणतात घाबरल्यागत होतंय, कशात जीव लागत नाही, जिवाला घोर लागलाय. आणि सगळ्यांत नेमकं : करमत नाही. करमत नाही म्हणजे उदास नव्हे, कंटाळा नव्हे, एकटेपणाही नव्हे. तिन्ही मिळून जे होतं ते. माझ्या मते "करमतंय का?" हा एकच प्रश्न त्या सव्वीसांतल्या निदान पाचांचं काम करील. तो छापील प्रश्नावलीत माझ्या पाहण्यात नाही, कारण इंग्रजीत तो विचारताच येत नाही.

इथवर एका वेळचं माप झालं. खरी कटकट सुरू होते दुसऱ्या वेळी. आधी पन्नास होते, आता छप्पन. याला सुधारणा म्हणायचं का? १९८९ मध्ये कॅनडातल्या गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला : गणितात किती फरक निघतो ते सोडा, रोग्याला जाणवेल असा कमीत कमी फरक केवढा? मग १९९८ मध्ये ओसोबा यांनी त्या युरोपीय प्रश्नावलीवर प्रयोग केला. रुग्णांकडून दोनदा फॉर्म भरून घेतला आणि वर तोंडी विचारलं, फरक वाटतो का, किती वाटतो? ज्यांना 'थोडा' फरक वाटला त्यांचे आकडे शंभरात पाच ते दहा हलले होते. 'मध्यम'वाल्यांचे दहा ते वीस. 'बराच'वाल्यांचे वीसच्या वर.

हे वाचल्यावर मी कागद घेऊन बसलो. शंभराचे सोळा भाग केले तर एक आणा होतो सव्वासहाचा. ओसोबांचा 'थोडा' बरोबर त्या एका आण्यात बसतो. दोन-तीन आणे म्हणजे साडेबारा ते पावणेएकोणीस, तो 'मध्यम'. आणि "चार आणे फरक हाय" म्हणजे पंचवीस, 'बराच'. योगायोग असेल. पण ज्या बाजारानं रुपयाचे सोळाच भाग केले, चाळीस किंवा शंभर केले नाहीत, त्याला माणसाला जाणवणारा फरक केवढा असतो याचा अंदाज असणार असं मला वाटतं. आणि त्या बोलण्यातला 'फरक' हा शब्दही बघा. आपला रोगी तब्येत किती आहे ते क्वचित सांगतो. तो सांगतो मागच्या खेपेपेक्षा काय झालं ते.

मग १९९९ मध्ये स्प्रँगर्स आणि श्वार्ट्झ या दोघींनी या सगळ्याखालची जमीनच हलवली. माणूस बदलला की त्याची पट्टीही बदलते, असं त्यांचं म्हणणं. आजारानं माणूस शिकतो, आशा कमी करतो, कशाला महत्त्व द्यायचं ते बदलतो. मग पहिला सहा आणे आणि दुसरा सहा आणे हे एकाच रुपयातले राहत नाहीत.

लातूरकराला हे समजवायला पुस्तक नको. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी आणि त्यानंतर 'पाणी बरं आहे' याचा अर्थ या गावात किती वेळा बदलला! रोज नळ येणाऱ्या पुण्यातल्या पाहुण्याला चौथ्या दिवशीचं पाणी म्हणजे हाल, इथं एकेकाळी तो शकुन होता. पाणी तेवढंच, पण समाधानाचे आणे दुप्पट. सरकारला अशी समाधानाची पाहणी फार सोयीची जाते, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

आणि पहिला आकडाच नसेल तर? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारी. सुमारे दहा हजार माणसं गेली, बावन्न गावं उठून दुसरीकडं वसली. पुढं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा प्रकल्प हाती घेतला. पुण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेचे एकेकाळचे संचालक, म्हणजे आपण ज्यांना नाटक-सिनेमातून ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे, त्याचे प्रमुख संशोधक. असं काम करणाऱ्यापुढं नेहमी एकच भिंत असते. भूकंपाच्या आदल्या दिवशी त्या गावांत कुणी क्लिपबोर्ड घेऊन गेलेलं नसतं. मग आधी कसं होतं ते आठवून सांगा म्हणायचं. ज्याचा वाडा गेला त्याच्या आठवणीत तो वाडा दरवर्षी थोडा मोठा होतो. आखीव चौकोनी गावात पक्कं घर मिळालेली म्हातारी सांगते, घर चांगलं हाय, पण करमत नाही.

हाली रुपयाकडं परत येतो. शासनाला एखाद्या उपचारावर पैसे खर्चावेत की नाही ते ठरवायचं असतं, त्यासाठी २०१७ पासून दिल्लीत आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाची व्यवस्था आहे. तिथं चालते युरोपातच जन्मलेली ईक्यू-५डी : चालणं, स्वतःचं स्वतः करणं, रोजची कामं, दुखणं, चिंता. पाचच प्रश्न, शिवाय थर्मामीटरसारखी उभी पट्टी. या उत्तरांचा एक आकडा करायचा तर कुणीतरी भाव ठरवावा लागतो. अंथरुणाला खिळणं किती वाईट? सतत दुखणं त्याहून वाईट की कमी? हे भाव प्रत्येक देश आपल्या लोकांना विचारून ठरवतो. आपण बरीच वर्षं थायलंडसारख्या दुसऱ्या देशांचे भाव वापरत होतो. आजार लातूरचा, दर परक्या बाजाराचा. २०२२ मध्ये चंदीगडच्या पीजीआयच्या पुढाकारानं साडेतीन हजारांवर भारतीयांना विचारून आपला तक्ता तयार झाला. त्यात काही अवस्था शून्याच्याही खाली आहेत. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं लोकांनीच सांगितलं.

आणि आज हे माप घेणारा सगळ्यांत मोठा हात आशाताईचा आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर २०१५ मध्ये राज्यानं विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' काढला. लातूर, नांदेड दोन्ही त्यात. घरोघर प्रश्न विचारून खचलेला माणूस हुडकायचा, हे काम आशांकडं आलं. तिशीपुढच्यांसाठी त्या जो असंसर्गजन्य आजारांचा फॉर्म भरतात, त्याच्या नव्या आवृत्तीत शेवटी दोन प्रश्न मनाचे आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं, उदास वाटलं असं किती दिवस. आमच्या गल्लीतल्या ताई हे प्रश्न वाचत नाहीत. दारात बसतात, पाणी मागतात, शेजारणीच्या सुनेचं विचारतात आणि मध्येच म्हणतात, "झोप लागती का हो काकी?" उत्तर मिळालं की रकान्यात खूण. पद्धतशास्त्राच्या प्राध्यापकाला चक्कर येईल. मला त्यांचे आकडे त्या रेघेपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात.

सहा महिन्यांनी आत्याला पुन्हा नेलं. मधल्या काळात व्यायाम, गोळ्या, आणि घरात कमोडची खुर्ची. तोच पोरगा, तोच तक्ता. या वेळी त्यानं रेघ दाखवलीच नाही.

"आजी, रुपयात किती?"

"सहा आणे."

त्याचा चेहरा उतरला. मागचा कागद काढून दाखवला, ३७.५. सहा महिन्यांत शून्य फरक.

"म्हणजे कायच फरक नाही?"

"नाही कसा?" आत्या चिडली. "एकली यष्टीत चढते. रातच्याला उठते. एकादशीला देवळात जाऊन आले. पर खाली बसून भाकरी नाही थापता येत. ते आलं तर आठ म्हणीन."

पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं विचारलं, "मग मागं आला होता तेव्हा किती होतं, आत्ता सांगा."

"तवा?" आत्यानं हात झटकला. "तवा दोन आणे बी नव्हते बाबा. मेल्यावानी होते."

तक्त्यात रकाना एकच होता. त्यानं त्यात ३७.५ लिहिलं. मग पेन तसंच धरून बसला, आणि जरा वेळानं समासात, मराठीत, बारीक अक्षरांत काहीतरी लिहू लागला. आत्या वाकून बघत होती.

"संडासाचं लिव्हलास का?" ती म्हणाली.